विसरभोळेपणा आणि ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची तपासणी

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. गेले काही महिने तेच ते विचारतात. वीजबिल दोनदा भरून आले. रक्तातला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ मोजला की डिमेन्शियाचा धोका कळतो, असं लॅबचा माणूस सांगतो. करावी का तपासणी? व्हिटॅमिन ई सुरू करू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : तपासणीवर पैसे घालू नका. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणजे ऑक्सिडीकरणानं पेशींना होणारी इजा, आणि ‘डिमेन्शिया’ म्हणजे स्मृतिभ्रंश. पेशींतल्या मेदाचं ऑक्सिडीकरण झालं की मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. डीएनएला इजा झाली की ८-ओएचडीजी लघवीत उतरतं. डिमेन्शियाच्या रुग्णांत यांची सरासरी जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय, पण ती गटाची सरासरी. एकट्या माणसाचा आकडा विडीनं, वाढलेल्या साखरेनं, साध्या तापानंही चढतो. शिवाय नमुना लगेच वेगळा करून उणे ८० अंशांत गोठवावा लागतो. रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालेल्या नळीत ऑक्सिडीकरण चालूच असतं, वर घाटातले हिसके बसून तांबड्या पेशी फुटल्या की बघायलाच नको.

त्याऐवजी बी-१२ बघा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होतं, सोबत पित्ताची गोळी असेल तर अधिकच. २०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असेल तर उपचार लागतात, आणि वेळेत झाले तर विसराळूपणा सुधारू शकतो. टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) याच रक्तात होतात. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा. त्यांतल्या काही म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतात. कानही तपासा, नीट ऐकू आलं नाही तरी माणूस तेच ते विचारतो.

पावसाळ्यात खळ्यातल्या शेवाळावरून पाय घसरून डोकं आपटलं होतं का, हेही आठवा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त काही आठवड्यांनी त्रास देतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि शस्त्रक्रियेनं काढता येतं.

व्हिटॅमिन ई स्वतःहून नको. साडेसात हजार पुरुषांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोज ४०० युनिट घेऊनही डिमेन्शिया टळला नाही. त्याच मात्रेनं प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं होतं.

कोकमात अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारे घटक) आहेत, खरं आहे. सोलकढी जरूर प्या. पण आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ भरपूर असतं आणि सुक्या मासळीतही. रक्तदाब असेल तर हात आखडता ठेवा.