फी भरण्याआधी 3 संध्याकाळी

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीत आहे, 9 वर्षांचा. ह्यांनी एका क्रिकेट अकादमीत चौकशी केलीय. वर्षाची फी एकदम भरली तर किट फुकट. मुलगा मात्र शाळा सुटली की पटांगणावर मोठ्या मुलांचा खो-खो बघत उभा राहतो, दप्तर पाठीवरच. सासरे म्हणतात, खो-खोनं पोट भरतं का? काय करू?
– एक आई, कराड

उत्तर : मी 30 वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्याआधी स्वतः खो-खो खेळले. माझा कौल कुठं जाणार हे तुम्हाला कळलंच असेल, म्हणून आधी माझ्याच विरुद्ध बोलते. माझ्या मुलीला मी सहाव्या वर्षी मैदानात ओढलं. घरात माझे चषक, तिलाही मिळावेत ही हौस. तेराव्या वर्षी एक दिवस ती म्हणाली, "आई, खांब दिसला की माझं पोट दुखतं." खरंच दुखायचं, दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं. आज ती रोज पहाटे पोहायला जाते, कुणी न सांगता. टीव्हीवर खो-खो लागला तर उठून स्वयंपाकघरात जाते.

तर फी एवढ्यात भरू नका. 3 संध्याकाळी काढा. पहिल्या दोन अकादमीत, फोन पर्समध्ये ठेवून. त्याच्याएवढ्या एखाद्या मुलाला तासाभरात किती चेंडू खेळायला मिळतात ते मोजा. एका नेटसमोर पंधरा-वीस पोरं असली तर वाट्याला दहा-बारा येतात, बाकी वेळ पॅड बांधून रांगेत. सरांना विचारा, चेंडू कुठला वापरता. मोठ्यांचा सीझन बॉल साधारण 156 ते 163 ग्रॅमचा, 13 वर्षांखालच्या मुलांचा 133 ते 144. लहानांच्या हातात मोठ्यांचा दिसला तर सरळ घरी या. फास्ट बोलिंग करून घेत असतील तर रोज किती षटकं तेही विचारा. वाढत्या वयात अति बोलिंगनं कमरेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होतं आणि घरी आपण 'पाठ भरलीय' म्हणत तेल चोळत बसतो. फुकटच्या किटचं म्हणाल, तर आजची 4 नंबरची बॅट दीड-दोन वर्षांत आखूड होईल. पुढची कोण देणार?

तिसऱ्या संध्याकाळी पटांगणावर, त्याच्या शेजारी. आक्रमणात आठ जण बसलेले आणि एक पळणारा, पण बसलेल्यांतल्या कुणालाही स्वस्थ बसता येत नाही. पाठीवर खो कधी पडेल नेम नसतो. खेळाडूंकडे नको, आपल्या मुलाकडे बघा. पळणाऱ्यानं हूल दिली की ह्याचीही मान वळते का? खो ऐकून टाचा उचलतात का? मला तेवढी खूण पुरते. मैदानही बघा. जमीन टणक, खडे वर आलेले, आणि तरी लहान पोरांना सूर मारायला लावणारा शिक्षक असेल, तर तिथंही नको.

सासऱ्यांना सांगा, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. रेल्वेचा, विमानतळ प्राधिकरणाचा संघ आहे. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, अर्थात ठराविक स्पर्धांत नाव काढलं तरच. हे सगळं त्यांना सांगा, मुलाच्या कानावर मात्र पडू देऊ नका. आणि क्रिकेटनं तरी कितीजणांचं पोट भरतं? रणजीत एका संघातून 11 जण उतरतात. चौथीतल्या पोराच्या पोटाचा हिशेब मांडायला बसलात तर तो कुठल्याच मैदानावर जुळायचा नाही.

राहिले तुमचे हे. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनाही न्या, कामाचं निमित्त चालू देऊ नका. क्रिकेट हातचं जाईल ही धास्ती असेल तर गल्लीत तो खेळतोच असणार. बाराव्या-तेराव्या वर्षी तिकडं वळला तरी खो-खोत तयार झालेले पाय फिल्डिंगला उपयोगी पडतात. माझ्या शाळेतले कितीतरी तसे वळले. मी तेव्हा रागावले होते, ते वेगळं.

आणि हो, पटांगणावर पोचलात की त्याच्या पाठीवरचं दप्तर तेवढं तुमच्याकडे घ्या.