शोपँचा सी शार्प मायनर वॉल्ट्झ आणि आपला डावा हात

आपण लातूरहून पाठवलेले पोलिश संगीतकार शोपँच्या सी शार्प मायनर वॉल्ट्झचे (ओपस ६४, क्रमांक २; वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नृत्यप्रकार) ध्वनिमुद्रण मी तीनदा ऐकले. नोकरी सांभाळून, डिजिटल पियानोवर आपण इथवर पोहोचलात याचे कौतुक आहेच. सगळे स्वर बरोबर लागूनही वादन अडखळल्यासारखे का वाटते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष उजव्या हातात नसून डाव्या हातात आहे.

हा वॉल्ट्झ १८४७ साली प्रसिद्ध झाला. तो नाचण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी आहे, त्यामुळे लयीत मोकळीक घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुरुवातीलाच 'टेम्पो जुस्टो', म्हणजे लय नेमकी ठेवावी, अशी सूचना आहे. आपण प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन्ही हात एकदम सैल सोडता आणि तिथे लय ताणली न जाता तुटते. डाव्या हाताने वाद्यवृंदाच्या संचालकासारखी लय सांभाळावी, मोकळीक उजव्याने घ्यावी, असे शोपँ शिष्यांना सांगत असे. विलंबित ख्यालात गायक मात्रेच्या मागेपुढे खेळतो, पण त्याच्यासोबत तबलजीनेही ठेका हलवला तर समेवर येण्यातली गंमतच जाते. (परभणीत हार्मोनियमवर वाढलेल्या मला हे फार उशिरा उमगले, तिथे डावा हात भात्यावरच असतो.)

म्हणून पंधरा दिवस सुरुवातीचा भाग केवळ डाव्या हाताने वाजवावा. पहिल्या मात्रेचा खर्जातला स्वर भरीव, दुसऱ्या मात्रेची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) हलकी आणि तिसरीची त्याहून हलकी असावी. सध्या तिन्ही मात्रा सारख्याच वजनाने पडतात, आणि कॉर्डकडे झेप घेण्याच्या घाईत खर्जाचा स्वर अर्धवट सुटतो. स्वर लांबवणारे पेडल नवा खर्ज वाजताच उचलावे आणि बोट पट्टीवर असतानाच पुन्हा दाबावे. आपले पेडल काही ठिकाणी दोन-दोन बार (तीन मात्रांची आवर्तने) तसेच राहते, त्यामुळे जुना स्वरमेळ नव्यात मिसळून गढूळ होतो.

पुढच्या भागावर 'पिउ मोस्सो' अशी सूचना आहे, म्हणजे थोडे अधिक गतीने. आपण जवळजवळ दुप्पट गतीने धावता. हा भाग तीनदा येतो, तेव्हा तिन्ही वेळा सारख्याच जोराने वाजवला तर ऐकणारा कंटाळतो.

'पिउ लेंतो' (थोडे अधिक सावकाश) हा मधला भाग मात्र आपण फार सुंदर वाजवले आहे. सी शार्प आणि डी फ्लॅट ही एकच काळी पट्टी, पण उदास मायनरमधून उजळ मेजरमध्ये येताना दार उघडून अंगणात आल्यासारखे वाटायला हवे, आणि ते तसे वाटते. तिथे डाव्या हाताचे काम तेच आहे, फक्त आपण त्याची काळजी करत नाही, म्हणून तो स्थिर राहतो.

फोनवर मुद्रण करताना आवाजाची पातळी आपोआप समान होत असेल तर ती सोय बंद करावी, नाहीतर हळू आणि जोरकस यांतला फरक मला कळणार नाही. पुढच्या वेळी पहिले ३२ बार केवळ डाव्या हाताने वाजवून पाठवावेत.