वाचकांचे प्रश्न : हेडी लमार यांचा पडद्यामागचा उद्योग

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे वर्कशॉप आहे; खरेदी आणि हिशेब मी पाहते. मुलीच्या शाळेत विज्ञान दिनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितले, की वायफायचा शोध हॉलिवूडच्या हेडी लमार या अभिनेत्रीने लावला. घरी त्यावरून चांगलाच वाद झाला, कारण माझ्या यजमानांना ही भाकडकथा वाटते. खरे काय? आणि या बाई पुढे उद्योजिका झाल्या असेही ऐकले, ते कितपत बरोबर आहे?
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे आणि तुमच्या मुलीचे कुतूहलही रास्त आहे. हेडी लमार यांनी वायफाय शोधले नाही. मात्र त्यांच्या नावावर बिनतारी संदेशवहनाचे एक अमेरिकन पेटंट खरोखरच आहे आणि ते कागदोपत्री कोणालाही पाहता येते. पेटंटचा क्रमांक २२,९२,३८७. अर्ज १० जून १९४१ चा आणि मंजुरी ११ ऑगस्ट १९४२ ची. त्यावर ‘हेडी कीसलर मार्की’ असे नाव असल्यामुळे ते चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. मार्की हे त्यांच्या तेव्हाच्या, नुकत्याच विभक्त झालेल्या पतीचे आडनाव. दुसरे नाव आहे संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचे.

हेडी यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१४ रोजी व्हिएन्नात झाला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आई पियानो शिकलेली होती. फिरायला नेताना वडील ट्राम कशी चालते, छापखान्यातले यंत्र कसे काम करते हे समजावून सांगत, अशी आठवण त्या पुढे सांगत असत. अठराव्या वर्षी केलेल्या एका चेक चित्रपटातील नग्न दृश्यामुळे त्यांचे नाव युरोपभर गाजले, आणि त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, ऑस्ट्रियातील दारूगोळ्याचे मोठे कारखानदार फ्रिट्झ मांडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या घरात लष्करी अधिकारी आणि शस्त्रांचे खरेदीदार जेवायला येत, त्यांची बोलणी टेबलावरच चालत, आणि यजमानीण म्हणून हेडी तेथे बसलेल्या असत. १९३७ मध्ये त्या हे घर सोडून लंडनला गेल्या, तेथे एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांना भेटल्या आणि अमेरिकेला जाणाऱ्या ज्या बोटीवर मेयर होते तिच्यावरच करार पदरात पाडून घेतला. लमार हे आडनाव मेयर यांनी दिलेले. पुढच्याच वर्षी ‘अल्जीअर्स’ प्रदर्शित झाला आणि जगातील सर्वांत सुंदर स्त्री हे बिरुद त्यांना जन्मभरासाठी चिकटले.

आता पेटंटकडे वळतो, कारण वर्कशॉपमधल्या माणसांना ते अधिक आवडेल. पाण्यात सोडलेल्या पाणतीराला (टॉर्पेडोला) रेडिओने दिशा देता येते, परंतु शत्रूला त्या संदेशाची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) सापडली तर त्याच कंप्रतेवर गोंगाट करून तो पाणतीर भरकटवू शकतो. हेडी यांची कल्पना अशी, की संदेश एका कंप्रतेवर ठेवायचाच नाही. तो सतत एकीवरून दुसरीवर उडी घेत राहील आणि पाठवणारा व घेणारा दोघेही एकाच क्षणी एकाच ठिकाणी उडी घेतील. हे जुळवायचे कसे, याचे उत्तर अँथाइल यांच्याकडे होते. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेली कागदाची लांब पट्टी फिरत असते आणि ज्या जागी भोक येईल त्या जागेचा सूर वाजतो. आपल्या पायपेटीप्रमाणे पायाने भाता मारायचा, सूर मात्र कागदाने ठरवायचे. असे अनेक पियानो एकाच वेळी वाजवण्याची खटपट अँथाइल यांनी आपल्या एका रचनेसाठी केलेली होती. म्हणून जहाजावर एक पट्टी आणि पाणतीरात तंतोतंत तशीच दुसरी पट्टी, दोन्ही एकाच क्षणी सुरू झालेल्या आणि एकाच गतीने फिरणाऱ्या, अशी योजना ठरली. पियानोला बोटांनी दाबायच्या ८८ पट्ट्या असतात, म्हणून ८८ कंप्रता वापरता येतील असे पेटंटात म्हटले आहे. त्यातील एक बारकावा मला फार आवडतो: आकृतीतल्या उदाहरणात पाठवणाऱ्या यंत्रात सात भोकांची सोय आहे आणि घेणाऱ्यात चारचीच. उरलेल्या तीन कंप्रतांवर जे जाते ते पाणतीर ऐकतच नाही; ते केवळ शत्रूची दिशाभूल करण्यासाठी आहे. ही जोड ज्यांना सुचली त्यांनी विषय वरवर हाताळला होता असे म्हणता येणार नाही.

कंप्रता बदलत राहण्याची कल्पना त्यांच्याआधीही काहींनी मांडलेली होती आणि तिच्यावर पेटंटेही निघालेली होती, हे तुमच्या यजमानांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आज हे तत्त्व रोजच्या वापरात दिसते ते ब्लूटूथमध्ये. कानाला लावलेला नेहमीचा ब्लूटूथ संच ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत असतो. वायफायच्या १९९७ च्या पहिल्या मानकातही ही पद्धत एक पर्याय म्हणून होती. नंतरचे वायफाय वेगळ्या पद्धतींनी चालते. तेव्हा ‘वायफायची जननी’ म्हणणे चूक आहे. ‘ब्लूटूथमध्ये जे तत्त्व आहे, त्याच्या सुरुवातीच्या पेटंटधारकांपैकी एक’ हे वाक्य लांबलचक असले तरी शाळेत तेच सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उद्योजिका म्हणून त्यांनी काय केले, हे पुढील प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : पेटंट त्यांच्या नावावर असताना त्यांना त्याचे पैसे का मिळाले नाहीत? त्यांनी काही व्यवसाय केला असल्यास तो कोणता?
(निवृत्त शिक्षक, पंचवटी)

उत्तर : पेटंट म्हणजे पैसे असा आपला समज असतो. वास्तविक पेटंट म्हणजे ठरावीक मुदतीपुरता इतरांना रोखण्याचा हक्क. त्या काळी अमेरिकेत ही मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची होती, म्हणजे हा हक्क १९५९ मध्ये संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाने ही योजना स्वीकारली नाही, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्स इतके लहान आणि स्वस्त झाले की कागदी पट्टीशिवाय कंप्रता बदलणे सोपे झाले, तेव्हा मुदत सरलेली होती किंवा सरत आली होती. युद्धाच्या काळात हेडी यांचा सरकारला उपयोग झाला तो युद्धरोखे विकण्यासाठी. तेथेही गर्दी जमली ती चेहरा पाहायला.

मला या आयुष्यातली कळीची गोष्ट येथेच दिसते. स्वतः हेडी ज्या गोष्टीला सर्वांत कमी किंमत देत, तिचेच पैसे जगाने त्यांना मोजले. आणि जे जे त्यांनी स्वतःच्या मालकीचे उभे करायला घेतले, ते एकामागून एक हातून निसटत गेले.

१९४५ मध्ये एमजीएमशी असलेला करार संपल्यावर त्यांनी निर्मात्यांच्या भागीदारीत स्वतःचे चित्रपट काढायला घेतले. ‘द स्ट्रेंज वूमन’ १९४६ मध्ये आला, ‘डिसऑनर्ड लेडी’ १९४७ मध्ये. कलावंत पगारी नोकर असण्याच्या त्या काळात एका अभिनेत्रीने कथा निवडणे, दिग्दर्शक ठरवणे, खर्चाची जबाबदारी घेणे ही साधी गोष्ट नव्हती; पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक एडगर उल्मर हे त्यांच्याच भागातून आलेले होते. दुसरा चित्रपट तोट्यात गेला. त्यानंतर १९४९ मध्ये ‘सॅमसन अँड डिलायला’ने त्यांना कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश दिले, परंतु तो चित्रपट त्यांचा नव्हता, निर्माते-दिग्दर्शक सेसिल डीमिल यांचा होता. १९५० च्या दशकात त्या इटलीत गेल्या आणि ऐतिहासिक स्त्रियांवरच्या एका खर्चिक चित्रपटात स्वतःचा पैसा घातला. चित्रपट तयार झाला, मात्र अमेरिकेत त्याला वितरक मिळाला नाही. माल तयार आहे आणि उचलणारा कोणी नाही, ही अवस्था काय असते, हे द्राक्षाचे ट्रक अडकून पडलेले पाहिलेल्या नाशिककरांना मी वेगळे सांगायला नको.

नाशिकच्या वाचकांना येथे दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये आपले काम नाशिकला हलवले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांना पडद्यावर आणले. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि थोड्याच काळात मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. देश वेगळा, माणसे वेगळी. परंतु कल्पना एकाची आणि तिजोरी दुसऱ्याची असली, की भांडण कशावरून होते ते दोन्हीकडे सारखेच दिसते.

चित्रपटांपलीकडचा हेडी यांचा मोठा उद्योग म्हणजे कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन येथील ‘व्हिला लमार’. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी येणाऱ्या पाहुण्यांसाठी असलेले हे विश्रामस्थान त्यांनी पाचवे पती, टेक्सासचे तेलउद्योजक हॉवर्ड ली यांच्याबरोबर उभारले. तेव्हा ॲस्पेन आजच्यासारखे श्रीमंतांचे गाव झालेले नव्हते, म्हणजे जागेची पारख अचूक होती. १९६० मध्ये घटस्फोट झाला आणि ही मालमत्ता त्यांच्या हातून गेली. शेवटचा चित्रपट १९५८ चा. त्यानंतरची वर्षे एकटेपणाची आणि ओढगस्तीची होती. त्यांच्याविषयी तेव्हा जे छापून येई त्यात सहानुभूती फार कमी असे, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

फसलेला एक शोध मात्र त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितला आहे. पाण्यात टाकली की कोकाकोलासारखे पेय तयार व्हावे, अशी वडी त्यांना करायची होती आणि विमान उद्योजक आणि चित्रपट निर्माते हॉवर्ड ह्यूज यांनी त्यासाठी दोन रसायनतज्ज्ञ दिले होते. गावोगावच्या पाण्यातले क्षार वेगवेगळे असल्यामुळे ते जमले नाही. गोदावरीकाठचा चहा दुसऱ्या गावच्या पाण्यात तसाच लागत नाही, हे आपल्याकडची कोणतीही गृहिणी जाणते. त्यांना ते प्रयोग करून समजले.

प्रश्न : मी १९९८ पासून शालिमारजवळ डीटीपी आणि बॅनरचे काम करतो. कोरलड्रॉ या चित्रे रेखाटण्याच्या संगणक आज्ञावलीच्या आठव्या आवृत्तीच्या खोक्यावर एका सुंदर स्त्रीचे चित्र होते. ती हेडी लमार होती असे कोणी म्हणाले. खरे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. ते छायाचित्र नसून कोरलड्रॉमध्येच रेखाटलेले चित्र होते आणि कंपनीच्या स्पर्धेत ते पारितोषिकप्राप्त ठरले होते. आपली परवानगी न घेता आपला चेहरा वापरला, म्हणून वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी हेडी यांनी दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. तुम्ही हजारो तास ज्या आज्ञावलीवर काम केले, तिच्या खोक्यावरच्या बाईंनी आपला चेहरा ही आपली मालमत्ता आहे म्हणून दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली, ही गोष्ट बॅनरवर कोणाचाही फोटो डकवणाऱ्या आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानात घ्यावी.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण सातपूरला एकत्र काम करतो. कांदाचाळीतील ओलावा मोजून सूचना देणारे एक साधन आम्ही तयार केले आहे. हेडी लमार यांच्यासारखे आमचे होऊ नये म्हणून काय करावे?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : पहिली गोष्ट, प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा समाजमाध्यमावर चित्रफीत टाकण्याआधी अर्ज करा, कारण साधन एकदा उघड झाले की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. रचना पूर्ण झाली नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आपल्याकडे पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते, आणि तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यास हक्क त्याआधीच संपतो. अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तरी तपासणी लवकर करण्याची विनंती करता येते. २०१९ पासून तशी तरतूद आहे.

दुसरी गोष्ट मैत्रिणीसंबंधी. पेटंट दोघींच्या नावावर असेल, तर वेगळा करार नसल्यास एकीला दुसरीच्या संमतीशिवाय ते तिसऱ्याला वापरायला देता येत नाही. आज तुमच्यात एकमत आहे, म्हणूनच आज बसून लिहून काढा: कोणी सोडून गेल्यास काय, लग्नानंतर गाव बदलल्यास काय, गुंतवणूकदार आल्यास कोणाचा किती वाटा. आणि अर्जावर तेच नाव घाला, ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखतात. हेडी यांचे नाव पेटंटावर असूनही कित्येक वर्षे कोणाला सापडले नाही. १९९७ मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने त्यांना आणि दिवंगत अँथाइल यांना गौरवले, तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. १९ जानेवारी २००० रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात (नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम) त्यांचे नाव लागले ते २०१४ मध्ये.

सिडकोच्या वाचक भगिनींच्या मुलीसाठी एक माहिती येथेच देतो. जर्मन भाषक देशांत ९ नोव्हेंबर, म्हणजे हेडी यांचा जन्मदिवस, संशोधक दिन म्हणून पाळला जातो. शाळेत त्या दिवशी कार्यक्रम करायचा असल्यास दोन सारख्या कागदी पट्ट्यांना सारखी भोके पाडून, दोन मुलींनी एकाच वेळी त्या ओढत पेटीचे सूर वाजवले, तर ते पेटंट वर्गातल्या शेवटच्या बाकालाही समजेल.