पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबण्याआधी : हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचे प्रश्न

संध्याकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) शुकशुकाट होता म्हणून सीक्यू ('कोणी आहे का?' अशी हाक) दिला, तर कोलकात्याचे एक गृहस्थ माझ्यावर ओरडले, 'फ्रिक्वेन्सी चालू आहे!' मला तर कोणीच ऐकू येत नव्हतं. चूक कोणाची? (भुसावळ)

थोडी तुमची. दिवसा ७ मेगाहर्ट्झचा जवळजवळ सरळ वर गेलेला सिग्नल आयनोस्फिअर या वातावरणातल्या उंच थरावरून परततो, म्हणून भुसावळहून धुळं खणखणीत मिळतं. दिवस मावळला की तो थर विरळ होत जातो. उभा गेलेला सिग्नल आरपार निघून जातो. तिरपा गेलेला तेवढा परततो, तोही शेकडो किलोमीटर पुढे. म्हणजे धुळं गप्प आणि कोलकाता कानाशी. मधला पट्टा मुका. बहुधा कोलकातेकर ऐकत होते आणि बोलणारा नाशिक किंवा इंदूरकडचा, तुमच्या मुक्या पट्ट्यातला होता. तुम्हाला शांतता वाटली ती त्याची पाळी होती.

म्हणून दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. मग कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं आपलं रेडिओवरचं नाव) सांगून विचारा, 'फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?' थांबा, पुन्हा विचारा. मोर्सवर नुसतं 'क्यूआरएल' प्रश्नार्थक पाठवलं तरी पुरतं. त्या गृहस्थांनीही ओरडायला नको होतं. 'क्यूएसवाय प्लीज', म्हणजे 'फ्रिक्वेन्सी बदला', एवढ्यावर भागलं असतं.

आम्ही दोघे भाऊ परवानाधारक आणि केळीवाले. रोजचा केळीचा भाव रेडिओच्या २ मीटर बँडवर एकमेकांना सांगितला तर चालेल ना? (रावेर)

नाही. धंद्याची बोलणी हौशी परवान्यात बसत नाहीत. बाजारभावासाठी मोबाईल आहे. अँटेना, ऊन, बागेवर आलेलं वादळ, यावर तासभर बोला. फक्त सुरुवातीला, शेवटी आणि लांबलं तर दर दहा मिनिटांनी कॉलसाइन द्या. भावाभावांत ते हमखास विसरतं.

तापीला पूर आला तर आम्ही नवशिक्यांनी काय करायचं? (अमळनेर)

गप्प बसायचं. चिडू नका, खरंच सांगतोय. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात फोन बंद पडले, तेव्हा हॅमनी निरोप पोहोचवले. अशा वेळी एक स्टेशन नेट कंट्रोल, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणारं, असतं आणि ते नाव घेईल त्यानेच बोलायचं. 'मी पण आहे, काही मदत?' असं दहा जणांनी विचारलं की नेमका औषधाचा निरोप चिरडला जातो. तुमच्याकडे बॅटरीवर चालणारा सेट असेल, तर बोलावल्यावर एका वाक्यात सांगा. निरोप आला तर शब्दन् शब्द लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. मनाने दुरुस्त करू नका. कानावर पडलेली परक्याची खबर गावात वाटत फिरू नका.

सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या गप्पांत) कोणीतरी मुद्दाम कॅरियर (आवाजाविना नुसता सिग्नल) टाकून बसतं. खडसावू का? (धुळे)

अजिबात नाही. त्याला तेच हवं असतं. उल्लेखही करू नका, पाच किलोहर्ट्झ सरका. पण आधी खात्री करा, एखादा बिचारा नुसता ट्यूनिंग करत, म्हणजे सेट अँटेनाशी जुळवत असेल. तो तुमचाच ओळखीचा निघाला तर डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, सिग्नल हवेत न सोडणारा भार) वापरायला शिकवा, चहा पाजून.

रेडिओवर अहिराणी बोललो तर नियम मोडतो का? (शिरपूर)

नाही, बोला की! साधी, उघड भाषा असावी, सांकेतिक नको, एवढंच. मात्र तिसरा माणूस तामिळनाडूतून कॉल देतोय आणि तुमचं दोघांचं अहिराणीत खदाखदा चाललंय, हे बरं दिसत नाही. त्याला घ्या, त्याची विचारपूस करा, मग परत भरीत-भाकरीकडे वळा.

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. नवा परवाना. एक ज्येष्ठ काका दर वेळी 'एटी-एट' म्हणून निरोप घेतात. अर्थ समजल्यावर कसंतरी वाटलं. (जळगाव)

वाटणारच. ८८ म्हणजे 'लव्ह अँड किसेस', आणि जुने लोक सवयीने मुलींना ते देतात. हेतू वाईट असेलच असं नाही, पण हेतू तुम्ही का शोधायचा? तुम्ही शांतपणे 'सेव्हन-थ्री (नुसत्या शुभेच्छा), काका' म्हणा. दोन-तीनदा असं झालं की कळतं बहुतेकांना. नाही कळलं, किंवा त्यांनी फोन नंबर मागितला, तर कॉलसाइन देऊन निरोप घ्या आणि सेट बंद करा. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.