वाचकांचे प्रश्न : करारावर सही करणारे लफ्लोर मागे कसे राहिले?

प्रश्न : अमेरिकेतल्या चॉक्टॉं या मूळनिवासी जमातीच्या तीन प्रमुखांपैकी एक, ग्रीनवुड लफ्लोर यांनी १८३० मध्ये मिसिसिपीतली जमीन अमेरिकन सरकारला देण्याच्या करारावर सही केली. लोक पश्चिमेला गेले, ते स्वतः मात्र तिथेच राहिले. इतरांना ती मुभा नव्हती का?

उत्तर : कागदावर होती. २७ सप्टेंबर १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीक करारातलं कलम १४ नेमकं याच्यासाठीच होतं. ज्याला मागे राहून राज्याचं नागरिक व्हायचं असेल, त्या कुटुंबप्रमुखाने करार मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत सरकारी एजंटाकडे तसं कळवायचं. त्याला ६४० एकर, सोबत राहणाऱ्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक अविवाहित मुलामागे ३२० आणि दहाखालच्या मुलामागे १६० एकर. म्हणजे बारा वर्षांचा एक आणि त्याहून लहान, दहाच्या आतली दोन मुलं असली, तर १,२८० एकर. वर्षं पाच तिथेच राहून काढायची, मगच पूर्ण मालकी.

घोडं अडलं ते नोंदणीत. अमेरिकन सेनेटने फेब्रुवारी १८३१ मध्ये करार मंजूर केला, तेव्हा मुदत ऑगस्टअखेरीच्या आतच संपत होती. नोंद करायचा अधिकार एकाच माणसाकडे, एजंट विल्यम वॉर्ड यांच्याकडे. त्यांनी आलेल्या लोकांना परत पाठवलं, नोंदींचे कागदही नीट ठेवले नाहीत. शेवटी यादीत जेमतेम ६९ कुटुंबप्रमुख उरले. ज्यांचं नाव लागलं नाही त्यांची कसलेली शेतं सरकारने विकायला काढली.

लफ्लोर यांना वॉर्डच्या वहीची गरजच नव्हती. कलम १५ मध्ये तिन्ही प्रमुखांची नावं घालून प्रत्येकी चार सेक्शन, म्हणजे २,५६० एकर, राखून ठेवले होते. आमच्या मते लोकांच्या त्यांच्यावरच्या रागाचं मूळ सहीपेक्षा या कलमात जास्त आहे.

प्रश्न : म्हणजे ते फितूर होते?

उत्तर : एवढं सरळ नाही. जानेवारी १८३० मध्ये मिसिसिपीने चॉक्टॉंचं स्वतंत्र शासनच रद्द केलं होतं. प्रमुखपद चालवणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि कैद. मे महिन्यात अमेरिकन काँग्रेसने मूळनिवाशांना पश्चिमेला हलवण्याचा कायदाही केला. वाटाघाटीला बसलेल्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. मागे राहण्याची वाट करारात आली, हेही खरं. पण ती वाट राखायची कोणी, याची काहीच तजवीज त्यात नव्हती.

त्यांच्या लोकांनी मात्र निकाल लगेच दिला : त्यांना पदावरून काढून भाचे जॉर्ज हार्किन्स यांना निवडलं. हार्किन्स स्थलांतर करणाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेले.

प्रश्न : पुढे लफ्लोर यांचं काय झालं?

उत्तर : मिसिसिपीच्या विधिमंडळात गेले, राज्याच्या सेनेटचेही सदस्य झाले. कापसाचे मोठे मळे, शेकडो गुलाम. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धात ते संघराज्याच्याच, म्हणजे उत्तरेच्या बाजूने राहिले. १८६५ मध्ये वारले. ग्रीनवुड शहर आणि लफ्लोर काउंटी त्यांच्याच नावाची. ‘मालमेझाँ’ हा त्यांचा वाडा मात्र त्या काउंटीत शोधू नका. तो शेजारच्या कॅरोल काउंटीत होता आणि १९४२ मध्ये जळाला.