२०१४ चा घरचा पीसी आहे. १५ हजारांत नवे गेम चालतील असं काय बदलावं, की सरळ नवाच घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. असेंबल केलेला पीसी, आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड नाही, मॉनिटर जुना. मुलाला जीटीए ५ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचंय आणि दुकानदार म्हणतो, "हा भंगारात द्या, नवा घ्या."

भंगारात देऊ नका. मागच्या दिवाळीत मी कराडला माझ्या धाकट्या भावाचा जवळजवळ हाच पीसी दुसऱ्यांदा उभा केला. दुसऱ्यांदा का म्हणतो ते पुढे येईलच. त्या अनुभवातून एक कसोटी मी पक्की धरली आहे: उद्या हा पीसी गेलाच, तर आज घेतलेली वस्तू पुढच्या पीसीत बसेल का? एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क) बसेल, चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसेल, ग्राफिक कार्ड बसेल. डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम बसणार नाही, या सॉकेटचा प्रोसेसर तर नाहीच नाही. तुमचे १५ हजार पहिल्या तीन वस्तूंवर जायला हवेत. उरलेल्यांवर अगदी गरजेपुरतेच.

सुरुवात एसएमपीएसपासून करा. लोक आधी कार्ड घेतात आणि एसएमपीएसचा विचारच करत नाहीत, कारण तो कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला असतो. आमचंही तसंच झालं. भावाच्या कॅबिनेटमध्ये ४५० वॅट असं ठळक छापलेला एसएमपीएस होता. आम्ही सेकंड हँड जीटीएक्स १०६० घेतलं आणि त्याला लागणारी ६ पिनची जादा वायर कन्व्हर्टर लावून जोडली. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या संध्याकाळी गेम चालू असताना फट् असा आवाज आला, स्क्रीन काळी, आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. एच८१ चा बोर्ड नवा मिळेना. शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून एक वापरलेला मिळाला. त्यात दीड महिना गेला.

नंतर त्या एसएमपीएसचं लेबल मी नीट वाचलं. ते वाचायला तुम्हीही शिका, दोन मिनिटांचं काम आहे. लेबलावर एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः +१२ व्होल्टवर चालतात. आमच्या लेबलावर +१२ खाली १४ अँपिअर होते. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. वर छापलेल्या ४५० पैकी कामाचे एवढेच! आय५-४४६० हा ८४ वॅटचा, जीटीएक्स १०६० हे १२० वॅटचं. दोघांचे मिळून २०४. तो एसएमपीएस तीन दिवस टिकला हेच खूप झालं.

म्हणून ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस घ्या. लेबलावर +१२ ला ३० अँपिअरच्या वर आकडा हवा. ही एक वस्तू सेकंड हँड अजिबात घेऊ नका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे ऑफिसातून निघालेला डेल किंवा एचपीचा डबा असेल तर बाजारातला एसएमपीएस घेण्याआधी आतली वायर बघा. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये बोर्डाला जाणारा प्लग वेगळा असतो आणि बारक्या कॅबिनेटला कार्डही कमी उंचीचंच लागतं.

आता कार्ड. तुमच्यासाठी माझं मत जीटीएक्स १६५०, ४ जीबी. हे २०१९ चं कार्ड आहे, ७५ वॅटचं. बोर्डाचा स्लॉट स्वतःच ७५ वॅट देऊ शकतो, त्यामुळे याच्या बऱ्याच मॉडेलांना जादा वायर लागत नाही. काहींना ६ पिन लागते, म्हणून घेताना कार्डाच्या कडेला सॉकेट आहे का ते बघा. दुकानात त्याहून स्वस्तात जीटीएक्स १०५० टीआय दाखवतील. तेही वाईट नाही, पण त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलंय. आज पैसे घालून आजच मागे पडायचं कशाला?

रेडिऑनचं आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी कोणी सुचवलं तर मात्र सरळ नको म्हणा. कार्ड म्हणून ती चालतात, पण ती स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) वापरतात. नव्या बोर्डावर त्याने फारसं बिघडत नाही. तुमच्या एच८१ वर मात्र ग्राफिकचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा आहे, म्हणजे प्रत्येक लेनचा वेगही जुनाच. मोठ्या रस्त्याची गल्ली होते. १६५० सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

सेकंड हँड घेताना कार्ड दुकानातच लावून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. जुन्या फालतू चिपवर खोटं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात फिरतात. जीपीयू-झेड अशा बहुतेक कार्डांच्या नावापुढे 'फेक' असं स्पष्ट दाखवतं. मग एखादा गेम निदान वीस मिनिटं तिथेच चालू द्या. दुकानदार कुरकुरला तरी हलू नका. पाच-सात हजारांचा प्रश्न आहे.

आणि मॉनिटर! हे कोणी आधी सांगत नाही. तुमचा मॉनिटर त्या काळचा असेल तर त्याला बहुधा निळ्या प्लगची व्हीजीए वायरच असेल. १६५० वर व्हीजीएचं तोंडच नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागेल. नाहीतर रविवारी सगळं जोडून झाल्यावर कळेल की चित्र बघायला वायरच नाही. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असला तर वाईट वाटून घेऊ नका. कार्डाला कमी ठिपके रंगवावे लागतात, त्यामुळे गेम उलट जास्त सुरळीत पळतो.

रॅम ४ जीबीवर आजचा एकही मोठा गेम नीट चालणार नाही, तेव्हा ती बदलावीच लागेल. माझ्या कसोटीत ती बसत नाही, पण वापरलेली डीडीआर३ इतकी स्वस्त आहे की विचार करू नका. ८ जीबीच्या दोन घ्या. एच८१ ला दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी ही त्याची कमाल मर्यादा. १६ ची एकच कांडी मिळते का हे शोधू नका. दोन कांड्या असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम वाचतो आणि गेममध्ये तो फरक दिसतो.

एसएसडी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच तोंडाला लागणारी) घ्या, ५०० जीबीची. बोर्डावर साटाची तोंडं सारखी नसतात: एच८१ वर दोन ६ जीबीपीएसची आणि दोन ३ जीबीपीएसची. बऱ्याच बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात. एसएसडी ६ च्या तोंडाला लावा आणि जुनी हार्ड डिस्क ३ च्या. रेड डेड २ एकटाच १५० जीबी जागा खातो, हे धरून हिशोब करा. फोटो, सिनेमे, शाळेच्या फायली जुन्या डिस्कवर राहू देत.

पीसी दुसऱ्यांदा उभा करताना आम्ही घेतलं तेव्हा एसएसडी ३,०००, एसएमपीएस ३,०००, वापरलेलं १६५० कार्ड ६,५००, वापरलेली १६ जीबी रॅम १,८००. एकूण १४,३००. रॅम आणि एसएसडीचे भाव सारखे हलत असतात, तेव्हा निघण्याआधी दोन ठिकाणी फोन करा.

सामान येईपर्यंत एक फुकटचं काम करून घ्या. कॅबिनेट गॅलरीत न्या, बाजूचा पत्रा काढा, वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगरा फिरू देऊ नका. मग प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा) काढा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. भावाच्या पीसीत प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट खडूसारखी पांढरी आणि कोरडी झाली होती, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. गेम चालू असताना ९२ अंशांवर जाणारा प्रोसेसर ६८ वर आला. तो एवढा तापत होता आणि आम्ही म्हणत होतो, पीसी म्हातारा झाला. परत बसवताना चारही खुंट्यांचा टक्-टक् आवाज आला पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो.

प्रोसेसर आत्ता बदलू नका. तुमच्या आय५ ला चार कोर आणि चारच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. जीटीए ५ ला २०१५ मध्ये शिफारस आय५-३४७० ची होती, ती तो सहज पार करतो. मात्र लक्षात ठेवा, त्याच गेमची नवी 'एन्हान्स्ड' आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तिला किमान आय७-४७७० आणि एसएसडी लागते. तुम्ही जुनी, 'लेगसी' आवृत्तीच लावा. रेड डेड २ मध्ये रानात, डोंगरात घोडा छान पळेल, पण सेंट डेनिस शहरात शिरलात की गेम अडखळेल. तिथे अडतो तो प्रोसेसर. खात्री करायची असेल तर सोपा उपाय आहे: गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. तरीही एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) हलला नाही तर दोष कार्डाचा नाही. चार-सहा महिन्यांनी मुलाला ते फारच खुपलं तर वापरलेला आय७-४७९० शोधा, आठ थ्रेडचा. तोही तुमच्या ४४६० सारखाच ८४ वॅटचा आणि त्याच खेपेतला आहे, त्यामुळे सहसा तुमच्या बोर्डावर विनातक्रार बसतो. पण त्यासाठी चार हजारांच्या वर देऊ नका. ते पैसे दुसऱ्या कुठल्या पीसीत जाणार नाहीत.

काय चालणार नाही तेही मुलाला आधीच सांगा, नाहीतर सामान आल्यावर त्याचा चेहरा पडेल. सायबरपंक २०७७ ला आता किमान जीटीएक्स १०६० ६ जीबी आणि आय७-६७०० मागतात, एल्डन रिंगला आय५-८४००. सेटिंग खाली ओढून ते कदाचित रेटता येतील, पण खेळण्यात सुख नाही. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' सारख्या गेमांना रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं) हार्डवेअर सक्तीचं आहे, ते १६५० मध्ये नाहीच. मागच्या पाच-सात वर्षांतले शेकडो उत्तम गेम मात्र चालतील, आणि सेलमध्ये तेच स्वस्त मिळतात.

विंडोजचंही बघून घ्या. या पीसीवर अजून विंडोज ७ असेल तर स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) चालणार नाही, त्यांनी १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे विंडोज १० च. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, तिच्यासाठी नाव नोंदवा. आणि बँकेचे व्यवहार या पीसीवरून न करता मोबाइलवरून करा.

हा पीसी आणखी दोन-तीन वर्षं खेळवेल. नंतर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढ्या तीन वस्तू बदलल्या की त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच एसएमपीएसवर नवा पीसी उभा राहील. १६५० तोवर धकवेल आणि एसएसडी तर राहीलच.

आज एवढंच करा: स्विच बंद करून कॅबिनेट उघडा, एसएमपीएसच्या लेबलाचा नीट फोटो काढा आणि मॉनिटरच्या मागे कुठली कुठली तोंडं आहेत ते बघा. +१२ व्होल्टखालचा आकडा खाली प्रतिसादात लिहा. तो बघून कार्डाबद्दल नक्की काय ते सांगतो, तोपर्यंत कार्डाचे पैसे देऊ नका.