ईम गावाबद्दल लिहिण्याआधी

चि. यास अनेक आशीर्वाद.

इंग्लंडात शेफील्डला राहून जवळच्या ईम गावाचा, प्लेग बाहेर पसरू नये म्हणून स्वतःला कोंडून घेतलेल्या त्या गावाचा, इतिहास लिहायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. तुझं टिपण दोनदा वाचलं. त्यात ‘बलिदान’ पानोपानी आहे, पण गेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. माझं पहिलं म्हणणं तेच: चर्चच्या दफनांच्या नोंदवहीपासून सुरुवात कर.

७ सप्टेंबर १६६५ ला जॉर्ज व्हिकर्सचं दफन झालं. शिंपीकाम करणारा माणूस. लंडनहून आलेलं दमट कापड त्यानं चुलीपुढे वाळवलं आणि त्यातल्या पिसवांनी प्लेग आणला, असं गाव सांगतं. पुढच्या चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली. गावाची वस्ती तेव्हा किती होती, यावर अभ्यासकांत वाद आहे; म्हणून ‘जवळजवळ सगळं गाव संपलं’ असलं वाक्य बेधडक लिहू नकोस.

आता स्टॅन्लीकडे वळ. तुझ्या टिपणात तो एका ओळीत उरकलाय, आणि मला तर सगळ्या हकिकतीचा कणा तिथेच दिसतो. टॉमस स्टॅन्ली हा प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा, गावचा जुना धर्मगुरू. सगळ्या धर्मगुरूंना इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चची प्रार्थनापद्धत सक्तीची करणाऱ्या १६६२ च्या कायद्यापुढे मान तुकवली नाही म्हणून त्याची जागा गेली. त्या जागेवर पुढे आलेला विल्यम मॉम्पेसन पंचविशीतला, गावाला परका. लोकांचा ओढा जुन्याकडे. तरी जून १६६६ मध्ये हे दोघे एकत्र उभे राहिले, तेव्हा कुठे गावानं स्वतःची वेस बंद केली. प्रार्थना कक्लेट डेल्फच्या घळीत, उघड्यावर. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचं. पैशांबरोबर रोग जाऊ नये म्हणून शिवेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे.

मॉम्पेसननं स्वतःची दोन मुलं आधीच बाहेर धाडली होती. हे झाकू नकोस. बायको कॅथरिन मात्र त्याच्याजवळ राहिली आणि ऑगस्टमध्ये प्लेगनं वारली. दोन्ही शेजारी शेजारी लिही, निवाडा करायची घाई नको.

गाव आजही नांदतं आहे, तेही येऊ दे. ऑगस्टअखेरीस ओल्या मातीच्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रं करतात आणि विहिरी सजवतात. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी घळीत स्मरणाची प्रार्थना होते. १९९४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात स्वयंसेवक भेटतील. त्यांच्याशी निवांत बोल. ‘प्लेगची घरं’ म्हणून पाट्या लावलेल्या घरांत आजही कुटुंबं राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावून फोटो काढू नकोस.

आणि गावाबाहेरच्या रायलीच्या थडग्यांकडे चालतच जा. तिथे एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. वही पिशवीतच राहू दे. परत आलास की नोंदवहीतली पहिली वीस नावं तारखांसकट उतरवून मला पाठव.

तुझा,
सर